गोगलगाईला कुंपण कळत नाही

‘गोगलगाय नि पोटात पाय’ ही म्हण मराठी माणूस सहसा दुसऱ्याच्या स्वभावावर ताशेरा ओढण्यासाठी वापरतो. ज्याने स्वतःच्या हाताने भाजीची रोपे लावली आहेत, त्याला मात्र ती शब्दशः पटावी. संध्याकाळी ओळीने उभी असलेली कोवळी रोपे सकाळी पाहावीत तो नाहीशी झालेली असतात. उरतात ते दोन-चार कुरतडलेले देठ आणि मातीवर चमकणारा, वाळलेल्या चिकट द्रवाचा माग. चोर दिसत नाही, त्याचा आवाज येत नाही, आणि दिवसा शोधू गेल्यास तो सापडतही नाही. ब्रिटनमधील लक्षावधी लोक दर वसंत ऋतूत हा अनुभव घेत असतात. तेथील चोर बहुधा शंख नसलेली गोगलगाय असते. आपल्याकडील कृषी खात्याची पत्रके तिला ‘शेंबी’ म्हणतात. या क्षुल्लक दिसणाऱ्या प्राण्याशी तेथील सामान्य माणसांनी दिलेल्या झुंजीत जे धडे मिळाले, ते भाजीच्या वाफ्यापुरते राहत नाहीत. मराठवाड्यातील सोयाबीनच्या शेतापर्यंत ते येऊन पोहोचतात, म्हणून त्यांचा विचार येथे करणे अगत्याचे आहे.

ही झुंज जेथे चालते त्या जागेची ओळख आधी करून घेतली पाहिजे. नगरपालिकेच्या वा ग्रामपरिषदेच्या मालकीची जमीन लहान लहान तुकड्यांत विभागून अल्प वार्षिक खंडाने स्थानिक रहिवाशांना भाजीपाला पिकवण्यासाठी द्यायची, या पद्धतीला तेथे ‘अ‍ॅलॉटमेंट’ असे नाव आहे. एका तुकड्याचे रूढ माप दहा पोल, म्हणजे सुमारे अडीचशे चौरस मीटर. आपल्या हिशेबाने बरोबर अडीच गुंठे. माल विकण्यासाठी नव्हे, प्रामुख्याने स्वतःच्या घरी खाण्यासाठी पिकवायचा, ही त्यामागची कल्पना. शेजारी शेजारी पन्नास-शंभर तुकडे, मधून पायवाटा, एखादा सामायिक नळ, कोपऱ्यात अवजारांच्या झोपड्या, असे हे दृश्य इंग्लंडमधील जवळजवळ प्रत्येक शहराच्या कडेला रेल्वेच्या खिडकीतून दिसते.

ही जमीन कोणाच्या औदार्यातून मिळालेली नाही. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत संसदेने हजारो कायदे संमत करून गावोगावच्या सामायिक जमिनींना कुंपणे घालण्यास मान्यता दिली. त्यामुळे लक्षावधी ग्रामीण गरिबांची चराईची, सरपणाची व चतकोर भाजीपाल्याची हक्काची जागा गेली. त्याआधीही, १६४९ च्या एप्रिलमध्ये, जेरार्ड विन्स्टन्ली व त्यांच्या ‘डिगर’ सहकाऱ्यांनी सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिल या टेकडीवर पडीक सामायिक जमीन खणून गाजरे व घेवडा लावला होता. भूमी ही सर्वांची ठेव आहे, एवढेच त्यांचे म्हणणे. काही महिन्यांतच त्यांना तेथून हुसकून लावण्यात आले. पुढे अडीचशे वर्षांच्या असंतोषानंतर १९०८ चा कायदा झाला. मागणी असेल तेथे असे तुकडे उपलब्ध करून देणे हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरले, आणि सहा मतदारांनी वा करदात्यांनी लेखी मागणी केल्यास तिचा विचार करणे त्यांच्यावर बंधनकारक झाले. १९२५ च्या कायद्याने अशा जमिनी मंत्र्यांच्या संमतीवाचून विकण्यास मनाई केली. दुसऱ्या महायुद्धात या तुकड्यांची संख्या सुमारे चौदा लाखांवर गेली होती. आज ती तीन लाखांच्या घरात आहे, आणि तुकडा मिळावा म्हणून प्रतीक्षायादीत नाव घालून बसलेल्यांची संख्या लाखाहून अधिक आहे. आधुनिक ब्रिटनमध्ये सार्वजनिक मालकीची आणि वैयक्तिक श्रमाची सांगड घालणाऱ्या ज्या थोड्या संस्था टिकून राहिल्या, त्यांत हिची गणना करावी लागेल.

अशा तुकड्यावर एप्रिल-मे महिन्यांत लेट्यूस, कोबी, घेवडा, दोडक्याच्या जातकुळीची कुर्जेट यांची रोपे लावली जातात. नेमका हाच काळ शेंब्यांच्या जोमाचा. शेंबीच्या शरीराचा बहुतांश भाग पाण्याचा; ऊन व वारा तिला मानवत नाहीत. म्हणून ती दिवसभर ढेकळांखाली, फळकुटांखाली, गवताच्या जुडग्यात दडून राहते, आणि अंधार पडल्यावर, विशेषतः पाऊस शिंपडून गेलेला असल्यास, बाहेर येते. वाढलेल्या कोबीची चार पाने तिने खाल्ली तर कोबी मरत नाही. दोन पानांच्या रोपाचे तसे नसते. त्याचा शेंडा एकदा कुरतडला गेला की सगळेच संपले. नुकसानीचे मोजमाप शेंबीच्या भुकेवर ठरत नाही, ते रोपाच्या वयावर ठरते. रोप तीन-चार आठवडे तग धरून राहिले तर पुढची झुंज त्याची ते स्वतः देते. तात्पर्य, प्रश्न आहे तो या तीन-चार आठवड्यांच्या संरक्षणाचा. अर्भकावस्थेतील संरक्षणाचे महत्त्व अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला वेगळे सांगावयास नको.

या संरक्षणाचा सर्वात स्वाभाविक उपाय म्हणजे कुंपण. आपल्या रोपांभोवती काहीतरी पसरावे, जेणेकरून शेंबी ते ओलांडणार नाही. अंड्यांची टरफले, खडीचा चुरा, पाइन झाडाच्या सालीचे तुकडे, लोकरीच्या गोळ्या, तांब्याची पट्टी, असे अनेक प्रकार पिढ्यान् पिढ्या सांगितले गेले आणि पुढे आकर्षक वेष्टनांत विकलेही जाऊ लागले. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने या पाचही प्रकारांची लेट्यूसवर पद्धतशीर परीक्षा घेतली व २०१८ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. कुंपण घातलेली रोपे आणि न घातलेली रोपे यांच्या नुकसानीत काही फरक आढळला नाही. वर्षानुवर्षे श्रद्धेने टरफले साठवणाऱ्या गृहस्थांना हा निकाल मानवला नसेल. पण त्यात नवल वाटण्यासारखेही काही नाही. शेंबी स्वतःच्या चिकट स्रावाचा गालिचा पसरत चालते, आणि बागेतील अडथळा एका पावसाने ओला वा मातीने मळका होतोच. शिवाय जमिनीवरचे कुंपण जमिनीखाली असलेल्यांना अडवू शकत नाही. वाफ्याच्या मातीतच वाढलेल्या शेंब्या कुंपणाच्या आत असतात, बाहेर नव्हे.

कुंपण निष्फळ ठरल्यावर माणूस विषाकडे वळतो. मेटाल्डिहाइड नावाच्या रसायनाच्या निळ्या गोळ्या ब्रिटनमध्ये अनेक दशके सर्रास वापरल्या गेल्या. त्या परिणामकारक होत्या, हे मान्य केले पाहिजे. नाही तर त्या इतक्या खपल्या नसत्या. शेंबी गोळी खाते, तिच्या स्राव निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट होतात, अंगातील पाणी निघून जाते व ती मरते. रोपे वाचतात. वापरणाऱ्याच्या दृष्टीने हिशेब येथे पुरा होतो. समाजाच्या दृष्टीने तो येथे नुसता सुरू होतो. तीच गोळी साळिंदरासारखे काटे असलेल्या हेजहॉगच्या, पाखरांच्या किंवा पाळीव कुत्र्याच्या पोटात जाऊ शकते. पाऊस आला की रसायन पाण्यात विरघळते आणि ओढ्यावाटे नदीत, नदीवाटे जलाशयात जाते. २००७ च्या सुमारास पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांत ते आढळू लागले. पिण्याच्या पाण्यातील कीडनाशकाची कायदेशीर मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग. ती अनेक ठिकाणी ओलांडली गेली. जलशुद्धीकरणाच्या नेहमीच्या प्रक्रियांना हे रसायन दाद देत नाही, हे त्याहून गंभीर. यातील मोठा वाटा गहू, तेलबिया व बटाटे यांच्या विस्तीर्ण शेतीचा होता. भाजीच्या वाफ्यांचा वाटा त्यामानाने थोडा. पण तत्त्व दोन्हीकडे एकच.

ते तत्त्व अर्थशास्त्रात नवे नाही. ए. सी. पिगू यांनी १९२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कल्याणकारी अर्थशास्त्रावरील ग्रंथात कारखान्याच्या धुराचा दाखला दिला होता. धुराने शेजाऱ्याची भिंत काळवंडते, त्याचे कपडे मळतात. तो खर्च मात्र कारखानदाराच्या जमाखर्चात कोठेच दिसत नाही. निळ्या गोळीचे असेच आहे. तिच्या वेष्टनावर छापलेली किंमत ही तिची खरी किंमत नव्हती. उरलेली किंमत खाली, नदीच्या काठी राहणारा आणि आयुष्यात एकही रोप न लावलेला माणूस पाणीपट्टीतून मोजत होता. इंग्लंड व वेल्समधील पाणीपुरवठा १९८९ मध्ये खासगी कंपन्यांच्या हवाली झाला; म्हणजे एका खासगी उत्पादनाने गढूळ केलेले पाणी दुसऱ्या खासगी उद्योगाने निवळायचे आणि दोघांचेही बिल सामान्य ग्राहकाने चुकवायचे, असा हा व्यवहार. नफा ज्याचा त्याचा आणि तोटा सर्वांचा, या सूत्राचे इतके लहान व इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

शासनाने हस्तक्षेप केला, पण तो सरळ मार्गाने झाला नाही. २०१८ च्या डिसेंबरात मेटाल्डिहाइडच्या बाह्य वापरावर बंदी घोषित झाली. एका उत्पादक कंपनीने तिला न्यायालयात आव्हान दिले, आणि निर्णयप्रक्रियेतील दोष मान्य करून शासनाला २०१९ मध्ये ती मागे घ्यावी लागली. २०२० च्या सप्टेंबरात ती पुन्हा घोषित झाली, आणि ३१ मार्च २०२२ नंतर इंग्लंड, स्कॉटलंड व वेल्समध्ये उघड्यावर या गोळ्या वापरणे बेकायदेशीर ठरले. बंदीचे अधिकृत कारण पक्षी व सस्तन प्राण्यांना असलेला धोका हे होते. कारण कोणतेही असो, निर्णय योग्यच होता. मात्र या घटनाक्रमातून एक गोष्ट नोंदवून ठेवावयास हवी. लोकहिताचा कायदा केवळ सद्हेतूवर उभा राहत नाही. त्याची कागदपत्रेही चोख असावी लागतात. ज्यांचे हितसंबंध दुखावतात ते वकील देतात, आणि पाखरांना वकील नसतो.

बंदीने विष गेले, शेंब्या राहिल्याच. मग वाफेधारकांनी काय करायचे? बाजाराने लगेच दोन पर्याय पुढे केले. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या त्यामानाने निर्धोक मानल्या जातात व सेंद्रिय शेतीतही चालतात. दुसरा पर्याय अधिक कुतूहलाचा. शेंबीच्या शरीरात शिरून तिला मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी पाण्यात मिसळून मातीत सोडायचे. मातीचे तापमान पाच अंशांच्या वर असले आणि ओल टिकली, तर त्यांचा परिणाम सुमारे सहा आठवडे राहतो, म्हणजे रोपाच्या नाजूक वयापुरता नेमका. ब्रिस्टलजवळच्या लाँग अ‍ॅश्टन या सार्वजनिक संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी १९९० च्या सुमारास यावर पायाभूत काम केले, आणि १९९४ पासून हे सूत्रकृमी बाजारात विकले जाऊ लागले. जनतेच्या पैशाने शोध लागला, तो विकण्याचे काम उद्योगाने केले, आणि ते संशोधन केंद्र मात्र २००३ मध्ये बंद करण्यात आले. खर्चकपातीच्या धोरणाने नेमके काय कापले जाते, हे यावरून ध्यानी यावे. या पर्यायाचा गुण निःसंशय मोठा आहे. मर्यादा अशी की दर सहा आठवड्यांनी पुडके विकत घ्यावे लागते. ज्याने पैसे वाचावेत म्हणून अडीच गुंठ्यांत भाजी लावली, त्याला हा खर्च जाणवतो.

उरतो तो श्रम. रात्री विजेरी घेऊन वाफ्यावर जायचे, शेंब्या वेचायच्या आणि साबणाच्या पाण्यात टाकायच्या. संध्याकाळी ओळींच्या मधे ओले फळकूट वा कलिंगडाची साल पालथी ठेवायची आणि सकाळी तिच्याखाली जमलेल्या शेंब्या उचलायच्या. बी थेट वाफ्यात न पेरता कुंडीत रोप वाढवायचे व ते दांडगे झाल्यावर लावायचे. पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यायचे, म्हणजे रात्री माती वरून कोरडी राहते. पायवाटांवरील गवत खाली ठेवायचे, आणि बेडूक, भुंगेरे, हेजहॉग, कस्तुर पक्षी यांना थारा द्यायचा, कारण शेंब्या हे त्यांचे अन्न. यातील एकही उपाय चमत्कार करीत नाही. पण सर्व मिळून रोपाचे पहिले चार आठवडे निभावून नेतात. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ मध्ये तर शेंब्यांना सरसकट ‘कीड’ म्हणणेच सोडून दिले. ब्रिटनमधील सुमारे ४४ जातींपैकी जेमतेम ९ जाती बागेतील रोपांना उपद्रव देतात. बाकीच्या सडलेला पाचोळा खाऊन मातीची सेवाच करतात. शत्रूला सरसकट शत्रू न मानता त्यातील नेमका कोण, हे पाहावे, ही शिकवण राजकारणातील कार्यकर्त्यालाही उपयोगी पडण्यासारखी आहे.

परंतु या श्रमाला एक अट आहे, आणि तेथेच विषयाचे मर्म आहे. समजा, एका वाफेधारकाने रोज रात्री जागून आपला तुकडा निर्मळ केला. शेजारचा तुकडा मात्र गवताने माजलेला आहे. दोन-चार पावसाळी रात्रींत तेथील शेंब्या इकडे येतील. नगरपालिकेच्या नकाशावरील सीमारेषा त्यांना दिसत नाही, आणि खंड कोणी भरला याची चौकशीही त्या करीत नाहीत. पहिल्याचे श्रम वाया गेले, आणि काही न करणाऱ्याचे काही बिघडले नाही. असे दोनदा घडले की पहिलाही विजेरी ठेवून देतो. प्रत्येकाने आपापल्या परीने शहाणपणाचा हिशेब केला, आणि त्यातून सर्वांचा नाश निष्पन्न झाला. व्यक्तीचा शहाणपणा आणि समूहाचे हित यांतील ही तफावत बाजार दूर करू शकत नाही, कारण ती बाजाराच्या तर्कातच आहे.

ती दूर करण्याचा मार्ग वाफेधारकांच्या संघटनांनी शोधला आहे. बहुतेक ठिकाणी त्यांच्या समित्या असतात. तुकडा लागवडीखाली ठेवलाच पाहिजे, पायवाटा छाटल्याच पाहिजेत, ओसाड सोडलेला तुकडा सूचनेनंतर काढून घेऊन यादीतील पुढच्या माणसाला दिला जाईल, असे नियम असतात. बियाणे व खते अनेक ठिकाणी एकत्र आणली जातात. सामुदायिक कामाचे दिवस ठरतात. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात जगभरातील कुरणे, मासेमारीची क्षेत्रे व पाणीवाटपाच्या व्यवस्था तपासून दाखवून दिले होते की, सामायिक संपत्तीचा नाश अटळ नसतो. ती वापरणारे लोक स्वतः नियम करून, परस्परांवर लक्ष ठेवून आणि हळूहळू कठोर होत जाणाऱ्या शिक्षा ठरवून ती पिढ्यान् पिढ्या राखू शकतात. त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. शेंब्या ही अर्थात संपत्ती नव्हे. पण सामायिक संपत्तीला जो नियम, तोच सामायिक संकटाला लागू पडतो. यात एक सावधगिरीही हवी. ओसाड तुकड्याचा धारक आळशीच असतो असे नव्हे. तो आजारी असेल, त्याची पाळी बदलली असेल, घरी म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले असेल. ज्या समितीला नोटीस पाठवण्याआधी चार हात पाठवण्याचे सुचते, ती शेंब्यांशी आणि एकाकीपणाशी एकाच वेळी लढते.

आता हा प्रश्न आपल्या दारी आणावयास हरकत नाही, कारण तो आधीच येऊन गेला आहे. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि धाराशिव (त्या वेळचा उस्मानाबाद) या जिल्ह्यांत शंखी गोगलगाईंनी नुकत्याच उगवलेल्या सोयाबीनचा फडशा पाडला. उगवण झाली, दोन पाने वर आली, आणि एका रात्रीत शेत मोकळे झाले. ब्रिटिश वाफेधारकाची रोपे गेली तर त्याच्या जेवणातील भाजी जाते. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याचे रोप गेले तर त्याचे बियाणे, खत, पेरणीची मजुरी, आणि बहुधा त्यासाठी काढलेले कर्ज, सगळे एकदम जाते. अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. नुकसानीसाठी राज्य शासनाला नंतर मदत जाहीर करावी लागली. ज्या कार्यकर्त्यांनी त्या जुलैत बांधांवरून फेरफटका मारला असेल, त्यांना हे चित्र विसरता येणार नाही.

त्या वेळी कृषी खात्याने व विद्यापीठांनी जे उपाय सांगितले ते इंग्लंडमधील उपायांहून फार वेगळे नव्हते. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे संध्याकाळी शेतात ठेवावीत, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई वेचाव्यात, साबणाच्या वा मिठाच्या पाण्यात टाकून माराव्यात, बांधावर चुन्याचा पट्टा ओढावा, आणि गरज पडल्यास मेटाल्डिहाइडच्या गोळ्या टाकाव्यात. जे रसायन ब्रिटनने त्याच वर्षाच्या मार्चअखेर उघड्यावर वापरण्यास मना केले, त्याचीच शिफारस जुलैत मराठवाड्यात होत होती. यावरून शेतकऱ्याला दोष देणे हा अन्याय होईल. ज्याचे शेत डोळ्यांसमोर नाहीसे होत आहे, त्याला नदीच्या आरोग्यावर प्रवचन देण्याचा अधिकार शहरातील कोणालाही नाही. त्याचा हिशेब त्याच्यापुरता बरोबरच आहे. ज्या परिस्थितीत तो हिशेब बरोबर ठरतो ती परिस्थिती बदलणे, हे राजकारणाचे काम.

ती बदलण्यासाठी पहिली गरज आहे वेळ साधण्याची. उन्हाळाभर गोगलगाई बांधाच्या कडेला, दगडांखाली, काडीकचऱ्यात निपचित पडून असतात. मृगाच्या पहिल्या पावसाबरोबर त्या बाहेर येतात, खातात आणि मातीत अंडी घालतात. प्रत्येक गोगलगाय उभयलिंगी असते, म्हणजे वेचलेली प्रत्येक गोगलगाय अंडी घालणारी असते. मोठ्या आफ्रिकी जातीची एक गोगलगाय एका खेपेस शंभरावर अंडी घालू शकते. पहिल्या पावसानंतरच्या दहा दिवसांत वेचलेली एक गोगलगाय ही महिन्याभराने वेचलेल्या शंभरांच्या बरोबरीची, हे गणित कोणालाही उमजेल. दुसरी गरज शिवाराची. एका शेतकऱ्याने वेचून भागत नाही. बांधाला बांध लागून असलेल्या सर्वांनी, त्यातही गायरान, ओढ्याकाठ आणि रस्त्याकडेची पडीक जागा धरून, एकाच आठवड्यात वेचले पाहिजे. जे खासगी मालकीचे नाही तेथेच कीड मुक्काम करते, आणि तेथे वेचायला कोणी जात नाही. ते काम ग्रामपंचायतीचे आहे.

तिसरी गरज मजुरीची, आणि येथे शासनाच्या उरफाट्या व्यवहारावर बोट ठेवले पाहिजे. पीक गेल्यावर पंचनामे करायचे, याद्या लावायच्या, वाद मिटवायचे आणि मग हेक्टरी काही रक्कम द्यायची, यासाठी तिजोरीत पैसा असतो. तेच पीक वाचावे म्हणून जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गोगलगाई वेचणाऱ्या भूमिहीन मजुराला रोज देण्यासाठी मात्र तरतूद शोधावी लागते. भरपाई जमिनीच्या मालकाला मिळते. जमीन नसलेल्याला दुबार पेरणीच्या वर्षी खुरपणी-काढणीचे कामही कमी मिळते आणि भरपाईत त्याचे नाव नसते. वेचणीची मजुरी आधी दिली तर मालकाचे पीक वाचेल, मजुराच्या चुलीला आधार मिळेल, विषाचा वापर उतरेल आणि नंतरच्या मदतीचा भार हलका होईल. ज्या तालुक्यांत २०२२ साली उपद्रव झाला, तेथे मे महिन्यातच ग्रामसभेत ठराव करून वेचणीचा आठवडा ठरवावा, मजुरांना हातमोजे व रोजगार द्यावा, वेचलेल्या गोगलगाई पुरण्यासाठी चुन्याचे खड्डे घ्यावेत, आणि त्याचा खर्च शासनाने उचलावा, ही मागणी आहे. ती लहान आहे, मोजता येण्याजोगी आहे, आणि म्हणूनच लावून धरण्याजोगी आहे.

यावर पक्षातीलच काही मंडळी म्हणतील की, हे राजकारण नव्हे. हमीभावाचा प्रश्न आहे, पीकविम्याचा आहे, बियाणे कंपन्यांच्या मक्तेदारीचा आहे. अशा वेळी गोगलगाई कोठून काढल्या? ते प्रश्न मोठे आहेत यात शंका नाही, आणि वेचणीच्या आठवड्याने ते सुटणार नाहीत. पण मोठ्या प्रश्नांवरील सभेला येणारा शेतकरी आपल्या शेजाऱ्यावर विश्वास ठेवायला कोठे शिकतो, याचाही विचार व्हायला हवा. सहकार या शब्दाची महाराष्ट्रात जी परवड झाली ती पाहता, नव्या पिढीला तो शब्द कारखान्याच्या निवडणुकीपलीकडे ठाऊक नसेल तर दोष तिचा नाही. श्रमदानाची परंपरा सांगणाऱ्या चळवळीने ती आठवणीत जपण्यापेक्षा बांधावर आणावी. पहाटे शेजारच्या शेतात आपल्या हाताने गोगलगाई वेचलेला माणूस पुढच्या मोर्च्यात त्याच शेजाऱ्याशेजारी उभा राहील, ही शक्यता घोषणांनी निर्माण होत नाही.

सेंट जॉर्जेस हिलवरचे डिगर हुसकले गेले आणि त्यांची गाजरे तुडवली गेली. त्यांच्यानंतर अडीच शतकांनी त्यांच्या देशातील कष्टकऱ्यांना अडीच गुंठ्यांचा कायदेशीर हक्क मिळाला. त्या अडीच गुंठ्यांत आज जो कोणी रात्री विजेरी घेऊन उतरतो, त्याला टरफलांच्या व तांब्याच्या कुंपणांचा फोलपणा कळून चुकला आहे, आणि निळ्या गोळीची खरी किंमतही. आपल्याकडे त्याच अनुभवाची पुनरावृत्ती होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पुढचा मृग येण्यापूर्वी बांधावरची पहिली बैठक कोणत्या गावी घ्यायची, हे प्रत्येक तालुका शाखेने आताच ठरवावे.